वाईट दिवसाला बसेल असं माप

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ४२, दिवसभर बसून काम, जिना चढताना धाप लागते, वजन आठ-नऊ किलो जास्त, मोठा आजार कोणताही नाही. दोन वर्षांत चार वेळा व्यायाम सुरू केला आणि चारही वेळा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुटला. माझ्यात चिकाटीच नाही का, आणि कायमचं टिकेल असं नेमकं काय करू?

चार वेळा मोडूनही पाचव्यांदा विचारणाऱ्याकडे चिकाटी आहे, तो विषय इथेच संपला. चुकतंय ते माप. नवी सुरुवात आपण नेहमी एखाद्या चांगल्या दिवशी करतो. झोप झालेली असते, डोक्याला ताप नसतो, आणि त्या उत्साहात ठरतं: रोज एक तास, आठवड्याचे सहा दिवस, साखर बंद, रात्री दहाला अंथरुणात. मग खरा दिवस उजाडतो. काम लांबतं, घरात कुणी आजारी पडतं, पाठ आखडते. त्या दिवशी तास निघत नाही, आणि तासाच्या खालचं काही ठरलेलंच नसतं, म्हणून शून्य होतं. दुसऱ्या दिवशी कालच्या शून्याची बोचणी, तिसऱ्या दिवशी 'आता सोमवारपासून'. नव्याचे नऊ दिवस सरले म्हणून माणूस स्वतःला आरंभशूर म्हणवून घेतो. पण मुळात शिंप्याने मापच चुकीच्या दिवशी घेतलं होतं.

तेव्हा पहिलं काम: तुमचा महिन्यातला सगळ्यात वाईट दिवस डोळ्यांसमोर आणा आणि त्या दिवशीही होईल एवढंच 'किमान माप' ठरवा. बसून काम करणाऱ्या, सुरुवात करणाऱ्या माणसासाठी मी हे सुचवेन: बूट घालून पाच मिनिटं चालणं आणि खुर्चीतून दहा वेळा उठणं-बसणं. सगळं मिळून सात मिनिटं. यापेक्षा वेगळं 'पूर्ण माप' असेल, ते पुढे सांगतो. दोन्ही मापं कागदावर लिहून ठेवा. दिवस चांगला असेल तर पूर्ण, वाईट असेल तर किमान. अंगात ताप असेल किंवा दुखापत असेल तरच काहीच नाही.

सात मिनिटांनी तब्येत सुधारते का? फारशी नाही. त्या सात मिनिटांचं काम वेगळं आहे. सवय म्हणजे ठरावीक खूण दिसली की विचार न करता होणारी कृती. खूण आणि कृती यांची गाठ जितक्या वेळा पडते तितकी ती पक्की होते, आणि गाठीला मिनिटांचा हिशेब कळत नाही. वाईट दिवशी केलेली सात मिनिटं ती गाठ सुटू देत नाहीत.

आता किती दिवस लागतात ते. २१ दिवसांत सवय लागते हे सगळीकडे ऐकू येतं. त्याचं मूळ १९६० साली एका प्लास्टिक सर्जनने लिहिलेल्या निरीक्षणात आहे: रुग्णांना आपल्या बदललेल्या रूपाची सवय व्हायला किमान २१ दिवस जातात. पुढे त्यातलं 'किमान' गळून पडलं आणि नाक-डोळ्यांची गोष्ट व्यायामाला चिकटली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना १२ आठवडे एकेक नवी सवय लावायला सांगून रोज नोंदी घेतल्या. कृती आपोआप होऊ लागायला लागलेल्या दिवसांचा मध्यक, म्हणजे ओळीत लावल्यावर मधोमध येणारा आकडा, ६६ निघाला, आणि माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. खाण्यापिण्याच्या साध्या सवयी लवकर बसल्या, व्यायामाला जास्त वेळ लागला. आणखी एक गोष्ट त्यात दिसली, ती तुमच्यासाठी मोलाची आहे: एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा अडथळा आला नाही. म्हणजे तिसऱ्या आठवड्यात 'अजून कंटाळा येतो, मला जमत नाही' असं वाटलं तर ते अपयश नाही. तुमची जेमतेम एक तृतीयांश वाट झाली आहे आणि तिथे कंटाळा येतोच. तीन महिने कंटाळा येणार हे धरूनच चाला.

खूण निवडणं हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. 'सकाळी वेळ मिळाला की' ही खूण नव्हे, कारण वेळ मिळाल्याची घंटा वाजत नाही. घड्याळातली वेळ मध्यम दर्जाची खूण. गजर बंद करता येतो. उत्तम खूण म्हणजे रोज हमखास घडणारी एखादी गोष्ट, जी एकाच जागी घडते आणि जिच्यानंतर लगेच मोकळी दहा मिनिटं असतात. दात घासून झाले. दुपारचं जेवण आटोपलं. कामाचा संगणक बंद केला. घराचं दार उघडलं.

यातलं शेवटचं उदाहरण जवळून बघू, कारण बहुतेक जण संध्याकाळ निवडतात आणि तिथेच फसतात. 'घरी आलो की चालायला जाईन' असं ठरतं. माणूस आत येतो, पिशवी ठेवतो, बूट काढतो, कपडे बदलतो, जरा टेकतो. टेकल्याक्षणी खेळ संपतो. दमलेलं शरीर बसलं की पुन्हा उठायला जे लागतं ते दिवसभरात संपलेलं असतं. वाक्य तेच ठेवा, फक्त जागा बदला: 'दार उघडून पिशवी आत ठेवीन आणि बूट न काढता मागे फिरेन.' कामाचे बूट चालण्याजोगे नसतील तर चालायचे बूट दाराशी, मोजे त्यांच्यातच खोचून. ही दोन सेकंदांची गोष्ट इतकी क्षुल्लक वाटते की लोक ती वगळतात, आणि मग महिनाभराने तक्रार करतात की इच्छाशक्ती कमी पडली.

'कधी, कुठे, कशानंतर' हे आधी लिहून ठेवण्याचा परिणाम तपासलेला आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात व्यायामाचे फायदे वाचून प्रोत्साहन मिळालेल्या गटातले ३५ टक्के लोक पुढच्या आठवड्यात व्यायाम करू शकले. काहीच न मिळालेल्या गटात ३८ टक्के, म्हणजे जवळपास तेवढेच. पण ज्यांनी दिवस, वेळ आणि जागा लिहून ठेवली त्यांच्यात ९१ टक्के. फायद्यांची व्याख्यानं ऐकून पाय हलत नाहीत, हे यातून स्पष्ट दिसतं. मात्र तो एका आठवड्याचा प्रयोग होता. पुढचं वर्ष तुम्हालाच काढायचं आहे.

इच्छाशक्ती न लागता हालचाल घडावी, याचं सर्वांत सुंदर उदाहरण जुनं आहे. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसवरच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चालक दिवसभर बसलेले, वाहक दिवसभर बसच्या जिन्यावरून वर-खाली. वाहकांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण चालकांपेक्षा कमी निघालं. त्या वाहकांना रोज सकाळी मनाची तयारी करावी लागत नव्हती. कामाच्या मध्येच जिना होता. आपल्या दिवसात असा जिना कुठे घालता येतो ते शोधायचं. फोनवरचं बोलणं उभ्याने. पाण्याची छोटी बाटली टेबलावर, मोठी लांबच्या खोलीत, म्हणजे भरायला उठावंच लागेल. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटांची चाल, जी जेवणानंतर वाढणारी रक्तातली साखर आटोक्यात ठेवायला खरोखर मदत करते. यातलं काहीही व्यायाम म्हणून मोजू नका. नुसतं घडू द्या.

आता पूर्ण माप. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस हालचाल करावी, आणि आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम. लोकांना पहिला अर्धा भाग पाठ असतो, दुसरा कुणालाच आठवत नाही.

मध्यम म्हणजे किती, हे ओळखायला यंत्र लागत नाही. चालताना सलग वाक्य बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये. गाता येत असेल तर ती रमतगमत चाल. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर ती जोरकस, आणि पहिल्या दोन महिन्यांत तुम्हाला तिची गरज नाही. मोजायचंच असेल तर मिनिटाला साधारण १०० पावलं ही मध्यम चालीची खालची पातळी. २२० मधून वय वजा करून नाडीची कमाल काढण्याचं सूत्र सरासरीसाठी ठीक आहे, पण एकेका माणसाच्या बाबतीत ते १०-१२ ठोक्यांनी सहज चुकतं. त्यापेक्षा बोलण्याची कसोटी भरवशाची.

वाढ अशी करा. पहिले दोन आठवडे १० मिनिटं, तिसऱ्या-चौथ्यात १५, पाचव्या-सहाव्यात २०, सातव्या-आठव्यात २५, मग ३०. आठवड्यातले पाच दिवस पूर्ण माप, दोन दिवस किमान. उत्साह असला तरी पहिले तीन आठवडे याच्या पुढे जाऊ नका. ही अट लोकांना पटत नाही, म्हणून कारण सांगतो. हृदय आणि फुप्फुसं थोड्याच आठवड्यांत नव्या श्रमाशी जुळवून घेतात, स्नायूही लवकर सरावतात. पण स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरा आणि हाडं यांना त्याहून बराच जास्त वेळ लागतो. तिसऱ्या आठवड्यात दम कमी लागतो, माणूस खूष होऊन चाल दुप्पट करतो किंवा पळायला लागतो, आणि चौथ्या आठवड्यात नडगी ठणकते, टाच धरते, गुडघ्याची वाटी दुखते. तुमचे चारही प्रयत्न नेमके तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मोडले आहेत. त्यात यातलं काही होतं का, आठवून बघा.

सकाळी उठल्यावर पहिली काही पावलं टाकताना टाचेत कळ येत असेल तर तळव्याच्या पट्ट्यावर ताण येतोय. चालीची मिनिटं निम्मी करा, अनवाणी कडक जमिनीवर चालणं टाळा, पोटऱ्या ताणून मोकळ्या करा. नडगीच्या आतल्या कडेने दुखत असेल तर बहुधा वाढ जास्त झाली किंवा पावलं फार लांब पडतात. वेग वाढवायचा तर पावलांची लांबी तीच ठेवून संख्या वाढवा. लांब पाऊल टाकलं की टाच शरीराच्या बरीच पुढे आपटते आणि धक्का नडगी-गुडघ्याला बसतो. हाडावर बोटाने दाबल्यावर एकाच बिंदूवर तीव्र दुखत असेल, तर मात्र चालणं थांबवून तपासून घ्या.

आणि ते १०,००० पावलांचं. हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजणाऱ्या उपकरणाच्या नावातून आला. 'मानपो-केई' म्हणजे दहा हजार पावलांचं मोजयंत्र. आकडा वाईट नाही, पण तो कुठल्या संशोधनातून निघालेला नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सरासरी ७२ वर्षांच्या सुमारे १७,००० स्त्रियांच्या अभ्यासात रोज २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि ७,५०० च्या आसपास फायदा सपाट झाला. त्यामुळे ६,००० वर थांबलात म्हणून दिवस वाया गेला असं मानायचं कारण नाही. सध्याची तुमची रोजची सरासरी काढा आणि दोन महिन्यांत तिच्यात २,००० मिळवा.

चौथ्या आठवड्यापासून ताकदीचा व्यायाम सुरू करा. चाळिशीच्या माणसासाठी हा भाग चालण्याइतकाच महत्त्वाचा आहे. तिशीनंतर दर दशकाला साधारण ३ ते ८ टक्के स्नायू घटतात आणि साठीनंतर ही घट वेग घेते. तुम्हाला वजनही कमी करायचंय. ताकदीचा व्यायाम न करता वजन उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि वजन परतताना बहुतांशी चरबीच्या रूपात परततं. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून, २० ते २५ मिनिटं. चार हालचाली पुरतात: खुर्चीतून उठणं, ढकलणं, ओढणं, टाचा उचलणं.

खुर्चीतून उठणं सोपं वाटतं म्हणून वाईट केलं जातं. हात नसलेली, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवा. बैठक साधारण ४५ सेंटिमीटर उंच. पुढच्या अर्ध्या भागावर बसा. पावलं खांद्याइतक्या अंतरावर आणि टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. हात छातीवर दुमडलेले. आता कंबरेतून पुढे झुका, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत, आणि मग पूर्ण तळव्याने जमीन ढकलत उठा. वर गेल्यावर कुल्हे पूर्ण सरळ. खाली येताना मनात तीन मोजत या. शेवटची चार बोटं उरली की धपकन बसायचा मोह होतो. तो भाग आवरणं म्हणजेच व्यायाम, कारण उतारावर आणि जिन्यावर तोल सावरायला तीच ताकद लागते. गुडघे आत वळत असतील तर ते पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेत ठेवायचा प्रयत्न करा. आठ वेळा नीट जमत नसेल तर बैठकीवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवा. मांड्यांवर हात टेकवले तरी चालेल. तीन फेऱ्यांत बारा-बारा वेळा आरामात जमू लागलं की आणखी संख्या वाढवत बसू नका. छातीशी चार-पाच किलोची पिशवी धरा, किंवा एक पाऊल थोडं पुढे सरकवून मागच्या पायावर जास्त भार घ्या.

ढकलण्यासाठी भिंतीवर दंड काढा. भिंतीपासून हाताच्या अंतरावर उभं राहून तळवे छातीच्या उंचीवर ठेवा, शरीर फळीसारखं सरळ, कोपरं शरीराशी साधारण ४५ अंशांत. कंबर आत खचली किंवा डोकं आधी भिंतीला लागलं तर पोट आणि कुल्हे सैल पडलेत. बारा सोपे झाले की भक्कम टेबलाच्या कडेवर, तेही सोपं झालं की जमिनीवर. ओढण्यासाठी एक हात खुर्चीवर टेकवून, पाठ सपाट ठेवून, दुसऱ्या हाताने भरलेली पिशवी कमरेच्या बाजूला ओढायची. दिवसभर पुढे वाकून बसणाऱ्याला ही हालचाल अजिबात सोडता येणार नाही. टाचा उचलताना भिंतीला बोटं टेकवा, दोन मोजत वर, तीन मोजत खाली. प्रत्येकाच्या दोन किंवा तीन फेऱ्या, फेरीत ८ ते १२ वेळा, फेऱ्यांमध्ये दीड-दोन मिनिटं विश्रांती. अजून दोन-तीन वेळा जमलं असतं असं वाटताच थांबा. पहिल्याच दिवशी सगळी ताकद पणाला लावली तर पुढचे तीन दिवस जिना उतरवत नाही, आणि चौथ्या दिवशी व्यायामाची आठवणही नकोशी होते.

अंग दुखण्याचे दोन प्रकार वेगळे ओळखा. मांडी-पोटरीच्या मांसल भागात पसरलेली, एक ते तीन दिवस राहणारी, हालचाल केल्यावर थोडी सैलावणारी रग ही सामान्य. सांध्यात टोचणारी, एकाच बाजूला, सूज असलेली किंवा रात्री झोपमोड करणारी वेदना सामान्य नाही. मधल्या शंकेसाठी एक मोजपट्टी: दहापैकी तीनपर्यंतचं दुखणं व्यायामात चालतं, पण दुसऱ्या सकाळपर्यंत ते पूर्वीच्या पातळीवर आलं पाहिजे. आलं नाही तर पुढच्या वेळी भार निम्मा.

झोपेबद्दल थोडक्यात. प्रौढांना सात तास किंवा जास्त लागते. झोपायची वेळ हुकमी नसते, उठायची असते. म्हणून उठण्याची वेळ पक्की करा, सुट्टीच्या दिवशीही तासाभरापेक्षा जास्त सरकू देऊ नका. झोप हळूहळू मागून येते. कॅफीनचं प्रमाण शरीरात निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहून जास्त, तेव्हा दुपारनंतर कॉफी आणि कडक चहा बंद. अपुऱ्या झोपेत भूक वाढते आणि गोड-तेलकटाकडे हात जातो. हे लक्षात न घेता केलेला आहाराचा निश्चय रोज रात्री हरतो.

खाण्यात एका महिन्यात एकच बदल करा. सुरुवात साखरेच्या पेयांपासून. एका ३३० मिलिलिटरच्या गोड शीतपेयात सुमारे ३५ ग्रॅम साखर असते, आणि २,००० कॅलरीच्या आहारात दिवसभराची वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत, शक्यतो २५ च्या आत असावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. द्रवातल्या कॅलरींनी पोट भरत नाही, त्यामुळे त्या काढल्या तर उपाशी राहिल्यासारखंही वाटत नाही. दुसरा महिना प्रथिनांचा. किमान गरज किलोमागे ०.८ ग्रॅम, ताकदीचा व्यायाम करणाऱ्याने १.२ पर्यंत जायला हरकत नाही. ७५ किलोच्या माणसाला ६० ते ९० ग्रॅम, आणि ते एका जेवणात कोंबण्यापेक्षा तीन जेवणांत वाटलेले बरे. तिसऱ्या महिन्यात अर्धं ताट भाजी-फळांचं. दिवसाला ४०० ग्रॅम हे ध्येय. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट भरलेला एक छोटा चमचा, आणि त्यात पाकिटातल्या पदार्थांतलं मीठही आलं. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनांचा हा आकडा डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका.

वजनकाट्याबद्दल मन लावून सांगतो, कारण चांगल्या चाललेल्या सवयी तो मोडतो. अर्धा तास झपझप चालण्यात ७५ किलोच्या माणसाच्या साधारण १५० कॅलरी जातात. दोन-तीन बिस्किटांत त्या परत येतात. नुसत्या चालण्याने वजन भराभर उतरत नाही. वर रोजचं वजन पाणी, मीठ, पोटातलं अन्न यांनी एक-दोन किलो इकडेतिकडे होतं. स्नायूंत साठणाऱ्या साखरेबरोबर दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणीही साठतं, म्हणून व्यायाम सुरू केल्यावर वजन आधी थोडं वाढलेलंही दिसू शकतं. तिसऱ्या आठवड्यात काटा तिथल्या तिथे, पायांना रग, उत्साह ओसरलेला: ही तिन्ही कारणं एकाच वेळी जमतात आणि माणूस सोडून देतो. त्या आठवड्यात डोळ्यांना दिसेल अशी दुसरी प्रगती हवी. म्हणून सुरुवातीच्या दिवशी चार गोष्टी लिहून ठेवा: सकाळी उठल्यावरची मिनिटाची नाडी, ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता, तीन मजले चढल्यावर सलग वाक्य बोलायला किती वेळ लागतो, आणि बेंबीच्या पातळीवर पोटाचा घेर. दर चार आठवड्यांनी पुन्हा मोजा. पहिले तीन आकडे बहुधा वजनाच्या कितीतरी आधी हलतात. वजन करायचंच तर रोज सकाळी करून फक्त आठवड्याची सरासरी बघा.

नोंद भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठेवा. पूर्ण मापाला भरीव गोल, किमान मापाला पोकळ गोल, चुकलेल्या दिवशी कोरी चौकट. एक कोरी चौकट चालते, सलग दोन पडू द्यायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशी काहीही झालं तरी ती सात मिनिटं. पोकळ गोलांकडेही लक्ष ठेवा. सलग दोन आठवडे चारपेक्षा जास्त पोकळ गोल आले तर किमान मापच तुमचं कमाल होऊन बसलंय. अशा वेळी स्वतःला दटावण्यात अर्थ नाही, बहुतेकदा खूण चुकीची असते. संध्याकाळची सकाळी आणा, किंवा दुपारच्या जेवणामागे लावा, आणि चार आठवडे द्या.

सुरू करण्याआधी रक्तदाब आणि रक्तातली साखर एकदा तपासून घ्या. बसून काम करणाऱ्या चाळिशीतल्या माणसाने हे तसंही करावं. चालताना छातीत दाब किंवा जबडा-डाव्या हातात कळ, चक्कर, न झेपणारी धाप, छातीत धडधड अनियमित होणं, किंवा एकाच पोटरीला सूज आणि उष्णता असं काही झालं तर जागीच थांबा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. छातीतला दाब विश्रांतीनेही जात नसेल तर थेट रुग्णालय.

राहता राहिला खंड. तो पडणारच: प्रवास, आजारपण, कामाचा हंगाम. परतीचा हिशेब आत्ताच लिहून ठेवा, म्हणजे त्या वेळी डोकं चालवावं लागणार नाही. आठवड्याभराचा खंड असेल तर जिथे होतात तिथूनच पुढे. दोन ते तीन आठवड्यांचा असेल तर चालण्याची मिनिटं आणि व्यायामाच्या फेऱ्या निम्म्या, आणि दोन आठवड्यांत मूळ मापावर. महिन्याहून जास्त असेल तर पहिल्या आठवड्याच्या १० मिनिटांपासून, पण पायऱ्या दोन आठवड्यांऐवजी एकेका आठवड्याने चढा. एकदा कमावलेली ताकद दुसऱ्यांदा लवकर येते. ताप येऊन गेला असेल तर तो औषधाशिवाय उतरून पूर्ण एक दिवस झाल्यावर, सकाळची नाडी नेहमीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी वर नाही ना हे पाहून, फक्त किमान मापाने सुरुवात. तीन दिवस पोकळ गोल, चौथ्या दिवशी दारातून मागे फिरताना पाय हलके वाटले तर भरीव.